मोटारीवरचा कर नेमके काय मोजतो?

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम असते. ते पूर्ण जाळले तर त्यातून किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल? पाऊण किलोच्या आत काहीतरी, असे कोणालाही सहज वाटेल. खरे उत्तर आहे सुमारे २.३ किलो. पाऊण किलो जिन्नस जाळून सव्वादोन किलोहून अधिक वायू निघतो, याचे कारण जळताना लागणारा ऑक्सिजन आपण टाकीत भरून नेत नाही, तो हवेतून घेतो.

हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असले तरी हिशेबापुरते आपण ते निव्वळ ऑक्टेन आहे असे समजू. ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. म्हणजे रेणुभार ११४. कार्बनच्या ८ अणूंपासून कार्बन डायऑक्साइडचे ८ रेणू होतात, प्रत्येकाचा रेणुभार ४४, एकूण ३५२. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून ३५२ ग्रॅम, अर्थात इंधनाच्या तिपटीहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. ७४० ला या प्रमाणाने गुणले की २.३ किलो येतात. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे एका लिटरमागे सुमारे २.६ किलो. पेट्रोलच्या लिटरमागचा वायू खोलीच्या तापमानाला साठवायचा म्हटला तर साधारण १२५० लिटर जागा लागेल. तेलाची २०० लिटरची सहा पिंपे डोळ्यांपुढे आणावीत.

आता एखादी मोटार लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर २३०० ला १५ ने भागून किलोमीटरमागे सुमारे १५३ ग्रॅम असा आकडा मिळतो. २० किलोमीटर जाणारीसाठी ११५ ग्रॅम, ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरसाठी ५१. मोटारींच्या करासंबंधीची जगभरची चर्चा गेली पंचवीस वर्षे या ‘किलोमीटरमागे ग्रॅम’ नावाच्या आकड्याभोवती फिरते आहे.

इथे एक शंका यावी. कार्बन लिटरशी इतका पक्का बांधलेला असेल, तर सरळ लिटरवर कर लावावा, मोटारीवर कशाला? शंका रास्त आहे. इंधनावरचा कर हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष कर आहे. गाडी किती इंधन खाते आणि ती किती फिरते, या दोन्ही गोष्टी त्यात आपोआप मोजल्या जातात. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी मोठी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी लहान गाडी यांत कोण अधिक कार्बन सोडते, हे पेट्रोल पंपावर बरोबर कळते. मोटारीच्या नोंदणीवर लावलेल्या कराला ते कळत नाही.

पण माणसे गाडी घेताना पुढल्या पंधरा वर्षांच्या इंधनाचा हिशेब मांडत नाहीत, समोरची किंमत पाहतात. शिवाय नवी गाडी निवडतो एक आणि पुढे जुनी घेऊन वापरतात दुसरे-तिसरे. पहिल्याने जे निवडले त्यातूनच त्यांना घ्यावे लागते. इंधनाचा कर वाढवला की एसटीचे भाडे आणि भाजीचा भाव वाढतो, म्हणून तो वाढवायला सरकारे कचरतात. या कारणांनी अनेक देशांनी गाडी विकत घेण्याच्या क्षणी, किंवा दर वर्षीच्या करात, कार्बनचा आकडा आणून बसवला. कल्पना चांगली होती. ती कशी वागली, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

कराने घडवलेले इंजिन

कर मोटारीचा आकार बदलतो, ही गोष्ट नवी नाही. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीवरचा कर तिच्या अश्वशक्तीवर ठरू लागला. पण प्रत्येक गाडीची शक्ती कोण मोजत बसणार? म्हणून तिथल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने एक सूत्र दिले: सिलिंडरचा व्यास इंचांत घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि २.५ ने भागा. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला ३.७५ इंच व्यासाचे चार सिलिंडर होते. सूत्राने २२.५ अश्वशक्ती येते. १९२१ पासून दर अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड असा कर झाला, तेव्हा त्या स्वस्त गाडीला वर्षाला २३ पौंड पडू लागले आणि ब्रिटनच्या बाजारात ती मागे पडली.

सूत्र पुन्हा नीट पाहावे. त्यात सिलिंडरचा व्यास आहे, पण दट्ट्या सिलिंडरमध्ये किती लांब जातो-येतो ती धाव नाही. कारखानदारांनी ही फट लगेच ओळखली. व्यास ३ इंचांवरून २.५ इंचांवर आणला, तर चार सिलिंडरांच्या गाडीची कराची अश्वशक्ती १४.४ वरून १० होते. इंजिनाचे घनफळ मात्र कमी करावे लागत नाही. दट्ट्याची धाव जवळजवळ दीडपट केली की झाले. ब्रिटिश इंजिने अरुंद आणि उंच होत गेली. अशा इंजिनात दट्ट्याला दर फेऱ्याला लांबचा पल्ला गाठावा लागतो, त्यामुळे फेऱ्यांची गती फार वाढवता येत नाही. तरी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तीच घडण तिथे रूढ राहिली. कोणा अभियंत्याला ती सर्वांत चांगली वाटत होती म्हणून नव्हे. १९४७ मध्ये नव्या गाड्यांसाठी हे सूत्र गेले.

करआकारणीला मोजायला सोपी अशी एखादी राशी लागते. ती राशी आणि आपल्याला खरोखर हवी असलेली गोष्ट यांत जेवढे अंतर असेल, त्या अंतरात कारखाने आणि गिऱ्हाईक दोघेही वस्तीला जातात.

आयर्लंडचा प्रयोग

कार्बनवर आधारलेल्या कराचे उदाहरण म्हणून मी आयर्लंड निवडतो. देश लहान, स्वतःचा मोटार-उद्योग नाही, सगळ्या गाड्या बाहेरून येतात, आणि बदल एका ठरलेल्या तारखेला झाला. शास्त्रीय प्रयोगाच्या इतके जवळ जाणारे उदाहरण अर्थकारणात क्वचितच मिळते.

३० जून २००८ पर्यंत तिथे मोटारीचा कर इंजिनाच्या सीसीवर होता. १ जुलै २००८ पासून नोंदवलेल्या गाड्यांसाठी तो किलोमीटरमागच्या कार्बन डायऑक्साइडवर आला. गाड्यांचे सात गट केले. १२० ग्रॅमपर्यंतच्या पहिल्या गटाला नोंदणीच्या वेळी किमतीच्या १४ टक्के कर आणि पुढे वर्षाला १०० युरो. २२५ ग्रॅमच्या वर असलेल्या शेवटच्या गटाला नोंदणीला ३६ टक्के आणि वर्षाला २००० युरो. फरक डोळ्यांत भरणारा होता, आणि तसाच तो असावा अशी योजना होती.

परिणाम फार लवकर दिसला. कॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिल्या वर्षाचा अभ्यास केला. नव्या गाड्यांची सरासरी १३ टक्क्यांनी घसरून किलोमीटरमागे १४५ ग्रॅमवर आली होती. २००७ मध्ये जी सरासरी सुमारे १६२ ग्रॅम होती, ती २०१२ मध्ये १२५ ग्रॅम झाली.

यावर चिकित्सक विद्यार्थी विचारील की हे कराने झाले कशावरून? प्रश्न अगदी योग्य, कारण नेमक्या त्याच वेळी आयर्लंडवर मोठे आर्थिक संकट कोसळले. २००७ मध्ये तिथे सुमारे १ लाख ८६ हजार नव्या मोटारी विकल्या गेल्या होत्या, २००९ मध्ये जेमतेम ५७ हजार. हात आखडलेली माणसे एरवीही लहान गाडी घेतात. शिवाय युरोपीय संघाने २००९ मध्ये मोटार कारखान्यांवरच कार्बनची मर्यादा घातली, त्यामुळे सगळीकडेच गाड्या सुधारत होत्या. अशा वेळी तुलनेसाठी दुसरा गट लागतो. तो उरलेल्या युरोपाचा घेता येतो. संघाची सरासरी २००७ मध्ये सुमारे १५९ आणि २०१२ मध्ये १३२ ग्रॅम होती. म्हणजे आयर्लंड सुरुवातीला सरासरीच्या किंचित वर होता आणि पाच वर्षांत तो तिच्या बराच खाली गेला. उतरंडीचा मोठा भाग सर्वांचा होता, पण आयर्लंडचा वाटा त्याहून जास्त होता.

हा जास्तीचा वाटा आला कुठून? लोकांनी लहान इंजिनांच्या गाड्या घेतल्या, असे वाटेल. तसे झाले नाही. इंजिनांचा आकार फारसा बदलला नाही, असे त्याच संशोधकांना आढळले. लोक पेट्रोल सोडून डिझेलकडे गेले. २००७ मध्ये आयर्लंडमध्ये नव्या गाड्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त डिझेलवरच्या होत्या, २०१२ मध्ये त्या ७० टक्क्यांच्या वर गेल्या. त्याच काळात सगळ्या युरोपात डिझेलचे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर, जवळपास स्थिर होते. करानेच हे केले, याचा याहून चांगला पुरावा मागू नये.

डिझेल कमी कार्बन का सोडते आणि त्याची किंमत काय

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण दहापट दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. त्याहून फार दाबले तर ते ठिणगीआधीच भडकते, इंजिन ठोकू लागते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबतात, सोळा-सतरा पट किंवा अधिक. ती इतकी तापते की मग फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. जितके जास्त दाबून मग प्रसरण होऊ द्यावे, तितका उष्णतेचा मोठा भाग कामात रूपांतरित होतो, हे ऊष्मागतिकीचे देणे. शिवाय पेट्रोल इंजिन सावकाश चालवताना हवेची वाट झडपेने आवळावी लागते आणि दट्ट्याला ती हवा ओढायला जोर लावावा लागतो. डिझेलला ती झडप आवळावी लागत नाही. हवा पूर्ण घ्यायची आणि डिझेल कमी फवारायचे. त्यामुळे लिटरमागे कार्बन जास्त असूनही तेवढ्याच आकाराची डिझेल मोटार किलोमीटरमागे पेट्रोलच्या गाडीपेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी कार्बन डायऑक्साइड सोडते.

पण हाच गुण दुसऱ्या बाजूने दोष होतो. खूप तापलेल्या सिलिंडरात नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही असले की एरवी निष्क्रिय राहणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. बाहेर आल्यावर त्यातला काही नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हा वायू श्वासनलिकांचा दाह करतो, दम्याच्या रुग्णांना छळतो आणि उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार होण्यास हातभार लावतो. पेट्रोल इंजिनातही तो होतो, मग तिथे त्याची एवढी ओरड का नाही?

याचे उत्तर धुराड्याच्या नळीत बसवलेल्या उत्प्रेरकात आहे. पेट्रोल गाडीचा उत्प्रेरक एका वेळी दोन कामे करतो: कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले इंधन यांना ऑक्सिजन देणे, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घेणे. एकाची गरज दुसऱ्याच्या देण्यातून भागते. मात्र त्यासाठी इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ ठेवावे लागते. हवा जास्त झाली तर कार्बन मोनॉक्साइड सरळ धुरातला मोकळा ऑक्सिजन उचलतो आणि नायट्रिक ऑक्साइडाच्या ऑक्सिजनला गिऱ्हाईक राहत नाही. डिझेल इंजिन तर नेहमीच जास्तीच्या हवेत चालते. म्हणून तिथे ही युक्ती लागू पडत नाही. युरियाचे द्रावण फवारून, त्यापासून होणाऱ्या अमोनियाने नायट्रिक ऑक्साइडचा पुन्हा नायट्रोजन करण्याची वेगळी यंत्रणा बसवावी लागते. तिला जागा लागते, पैसा लागतो, टाकी पुन्हा भरावी लागते. भारतात एप्रिल २०२० पासून ‘बीएस-सहा’ नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच बंद केले, त्यामागे हा खर्च होता.

युरोपच्या कायद्याने तर डिझेलला सवलतच दिली होती. त्या वर्षांतल्या ‘युरो-पाच’ नियमांत पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे ६० मिलिग्रॅम चालत, डिझेलला १८०. आणि आयर्लंडचा कर यापैकी काहीच पाहत नव्हता. तो फक्त कार्बन डायऑक्साइड पाहत होता. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम साऱ्या पृथ्वीवर पसरतो. नायट्रोजन डायऑक्साइड गल्लीत राहतो. २०१९ मध्ये डब्लिनमधल्या एका रहदारीच्या रस्त्यावरच्या केंद्रात त्याची वार्षिक सरासरी युरोपीय संघाच्या घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर गेली. जानेवारी २०२० पासून आयर्लंडने नोंदणीच्या करात नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या दर मिलिग्रॅमवर वेगळा आकार लावला. बारा वर्षांनी का होईना, दुसरी राशी मोजायला सुरुवात झाली.

प्रयोगशाळेतला आकडा

‘किलोमीटरमागे ग्रॅम’ हा आकडा येतो कुठून, हेही पाहू या. तो रस्त्यावर मोजला जात नाही. मोटार रुळांवर उभी करतात, चाके जागच्या जागी फिरतात आणि धूर पिशव्यांत गोळा करतात. युरोपात पूर्वी वापरात असलेल्या चाचणीत गाडी १,१८० सेकंदांत सुमारे ११ किलोमीटर ‘धावे’, सरासरी ताशी ३४ किलोमीटरहून किंचित कमी वेगाने. शून्यावरून ताशी ५० किलोमीटरचा वेग गाठायला २६ सेकंद दिलेले असत. एवढ्या सबुरीने गाडी हाकणारा माणूस मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकून घाबरून जाईल. वातानुकूलन बंद, दिवे बंद, हवा उबदार.

जोवर या आकड्यावर फारसे काही अवलंबून नव्हते, तोवर तो आणि रस्त्यावरचा खरा आकडा यांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक असे. कर आणि कायदे त्यावर उभे राहिले आणि २०१५ च्या सुमारास हा फरक ४० टक्क्यांवर गेला. बहुतेक कारखान्यांनी कायदा मोडला नव्हता. नियमातल्या प्रत्येक ढिलाईचा पुरेपूर उपयोग केला होता. मात्र सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आलेले फोक्सवॅगनचे प्रकरण सरळ फसवणुकीचे होते. आपली चाचणी चालू आहे हे गाडीतला संगणक ओळखी आणि तेवढ्यापुरते नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर नियंत्रण ठेवी. असा संगणक असलेल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या जगभर होत्या. युरोपने सप्टेंबर २०१७ पासून नव्या नमुन्यांच्या गाड्यांना जास्त लांब आणि जास्त वास्तव चाचणी लागू केली.

आपल्याकडे हीच जुनी युरोपीय चाचणी, वेगाची मर्यादा ९० वर आणून, वापरात आली. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची ‘एआरएआय’ ही संस्था जी सरासरी प्रमाणित करते आणि जाहिरातीत जी ठळक छापून येते, ती गावात कधी मिळत नाही, हे प्रत्येक गाडीवाला जाणतो.

आयरिश करातली आणखी एक गोष्ट शिक्षकांनी आलेख काढून दाखवावी. कर उताराने चढत नव्हता, पायऱ्यांनी चढत होता. १५५ ग्रॅमच्या गाडीला नोंदणीत २० टक्के, १५६ ग्रॅमच्या गाडीला २४. पंचवीस हजार युरोच्या गाडीवर एका ग्रॅमपायी हजार युरोंचा फरक. मात्र १५६ वरून १७० पर्यंत गेले तरी जास्तीचे काही नाही. साहजिकच गाड्या पायरीच्या काठावर येऊन थांबतात. टायर थोडे कडक, दंतचक्रांचे प्रमाण थोडे बदललेले, आणि आकडा नेमका १२० किंवा १४०. दर ग्रॅमला सारखा कर लावला तर शेवटच्या ग्रॅमपर्यंत सुधारण्यात फायदा राहतो. हिशेबाला तेही अवघड नाही. तरी सरकारांना पायऱ्या आवडतात, बहुधा त्या तक्त्यात छान दिसतात म्हणून.

नॉर्वेचे दोन धडे

नॉर्वेने १ जानेवारी २००७ पासून नव्या गाडीच्या करात कार्बनचा भाग घातला. त्या एका वर्षात डिझेल गाड्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे कमी होते ते जवळजवळ तीन-चतुर्थांश झाले. आयर्लंडला हे पाहायला दीड वर्ष मिळाले होते. पुढे हिवाळ्यातल्या साचलेल्या हवेत तिथल्या शहरांना नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास होऊ लागला, २०१२ मध्ये त्याचा कर आला, आणि १७ जानेवारी २०१७ रोजी ऑस्लो शहराने एक दिवस आपल्या रस्त्यांवर डिझेल मोटारींना बंदी केली. सरकारने सवलत दिली म्हणून ज्यांनी डिझेल घेतली होती, त्यांचा संताप झाला. तो मला समजण्यासारखा वाटतो.

पण याच नॉर्वेत विजेच्या मोटारींना खरेदीचा कर १९९० पासून आणि मूल्यवर्धित कर २००१ पासून माफ होता. पेट्रोलच्या गाडीवर मुळात कर इतका जबर की माफीमुळे विजेची गाडी तिच्या बरोबरीला आली. २०२४ मध्ये तिथल्या नव्या मोटारींपैकी ८९ टक्के निव्वळ विजेवरच्या होत्या. कराने एवढा मोठा पालट दुसऱ्या कोणत्याही देशात घडवलेला नाही.

इथेही प्रश्न तोच: कर काय मोजतो? तो धुराड्यातून निघणारे ग्रॅम मोजतो आणि विजेच्या गाडीला धुराडेच नाही. नॉर्वेची वीज बहुतांशी धबधब्यांची आणि धरणांची असल्याने तिथे हा शून्य जवळपास खरा आहे. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने आपल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेची मोटार शंभर किलोमीटरला १५ युनिटे घेते असे धरले, तर किलोमीटरमागे १०५ ग्रॅम होतात. रस्त्यावर लिटरला १८ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल गाडीचे १२८, शिवाय खनिज तेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा कार्बन वेगळा. म्हणजे विजेची गाडी आजही सरस, पण शून्य नव्हे. कोळशाचा वाटा जसा घटेल तसा तिचा आकडा, ती घरापुढे उभी असतानाच, कमी होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला हे भाग्य नाही.

कर यशस्वी झाला की सरकारची तिजोरी रिकामी होते, ही दुसरी अडचण. आयर्लंडला पहिल्याच वर्षी नोंदणी कराच्या उत्पन्नात एक-तृतीयांश घट सोसावी लागली आणि पुढे २०१२ व २०१३ मध्ये स्वच्छ गाड्यांचेही दर वाढवावे लागले. ब्रिटनमध्ये मार्च २००१ पासून वार्षिक कर कार्बनवर होता आणि १०० ग्रॅमच्या आतल्या गाड्यांना तो माफ होता. तशा गाड्या इतक्या वाढल्या की एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांना पहिल्या वर्षापुरताच कार्बनचा हिशेब ठेवून पुढे सर्वांना सारखा कर केला, फक्त शून्य ग्रॅमवाल्यांना वगळून. एप्रिल २०२५ पासून त्यांनाही तो द्यावा लागतो. आइसलँडने जानेवारी २०२४ पासून विजेच्या गाड्यांवर दर किलोमीटरला ६ क्रोना असा आकार सुरू केला.

आपला कर काय मोजतो?

महाराष्ट्रात खासगी मोटारीवर नोंदणीच्या वेळी एकरकमी कर घेतात, तो किमतीच्या टक्केवारीत. पेट्रोल गाडीला किमतीच्या टप्प्यानुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. इंधनाचा प्रकार त्यात आहे, कार्बन नाही. सारख्याच किमतीच्या दोन पेट्रोल गाड्या, एक लिटरला २२ जाणारी आणि एक १४ जाणारी, सारखाच कर भरतात.

केंद्राच्या करात लांबी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या आणि ठरावीक सीसीच्या आतल्या मोटारींना उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के झाले. लहान गाडी कमी इंधन खाते, हा त्यामागचा तर्क बरोबर होता. मग जे ब्रिटिश सिलिंडरांचे झाले तेच आपल्या डिकीचे झाले. मारुतीची डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ मध्ये ती ३,९९५ मिलिमीटर झाली. मागून कापल्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्या रस्त्यांवर आहेत, त्यांची जन्मकथा हीच. लांबी आखडली तरी उंची आणि वजन वाढवायला मोकळीक होती, आणि चार मीटरच्या आतल्या उंच ‘एसयूव्ही’ गाड्यांची लाट आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले: लहान मोटारींना १८ टक्के, इतरांना ४०, विजेच्या गाड्यांना ५. लहान कोणती, हे ठरवायला ४ मीटर, आणि पेट्रोलला १,२०० व डिझेलला १,५०० सीसी, याच रेषा राहिल्या. पायरी मात्र पूर्वीहून उंच झाली.

नववी-दहावीच्या वर्गाला यावर एक काम देता येईल. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका वाहनाची टाकी पूर्ण भरून घ्यावी, किलोमीटर टिपावेत आणि पुन्हा भरताना किती लिटर लागले ते पाहून खरी सरासरी काढावी. त्यावरून किलोमीटरमागचे ग्रॅम काढावेत आणि वर्षभरात ते वाहन किती चालते त्याने गुणून वर्षाचा कार्बन किलोंत मांडावा. शेजारी गाडीची किंमत, लांबी आणि भरलेला कर लिहावा. तीस-चाळीस वाहने झाली की करासमोर किमतीचा एक, लांबीचा एक, किलोमीटरमागच्या ग्रॅमचा एक आणि वर्षाच्या एकूण कार्बनचा एक असे चार आलेख काढावेत, आणि कोणत्या आलेखात ठिपके रेषेत येतात ते मुलांना पाहू द्यावे. स्कूटर आणि मोटारसायकली यादीतून गाळू नयेत.